दोन सह्या

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. शरीर आजारी पडते, स्वभाव मात्र कायम राहतो, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. माझे वडील अण्णा यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा या गृहीताची परीक्षा आमच्या घरातच झाली.

या आजाराला आपल्याकडे ‘अंगावरून वारे जाणे’ असे म्हणतात. प्रत्यक्षात कारण असते ते रक्ताचे. मेंदूकडे रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि तेथील पेशी प्राणवायूवाचून मरू लागतात. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तोच वापरतो. म्हणून येथे मिनिटामिनिटाला मोल आहे. अण्णांच्या मेंदूच्या उजव्या भागात आघात झाला आणि त्यांचा डावा हात व डावा पाय लुळा पडला. बोलणे मात्र स्पष्ट होते. भेटीस येणारे म्हणत, “वाचा शाबूत आहे, थोडक्यात निभावलं.” वाचा शाबूत असणे आणि विवेक शाबूत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पुढच्या काही आठवड्यांत उलगडत गेले.

अण्णा ताटातील उजव्या बाजूचे तेवढेच जेवत. डावीकडची भाजी तशीच राही. आईने ताट फिरवून ठेवले, की तीच भाजी ते आवडीने खात. दाढी करताना डावा गाल राहून जाई. हाताविषयी विचारले तर म्हणत, “हाताला काय झालंय? झोपलाय जरा.” हे धीराचे बोलणे नव्हते, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने 1914 साली या अवस्थेला ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’ हे नाव दिले. आपल्याला आजार आहे, हेच रुग्णाला न उमगणे, असा त्याचा अर्थ. आजार जाणून घेणारे इंद्रियच आजारी पडले, तर आजाराची खबर देणार कोण?

याहून कठीण प्रश्न व्यवहाराचा होता. अण्णांनी एका पतसंस्थेत 31 वर्षे हिशेब सांभाळला. चार आण्यांची पावतीही जपून ठेवणारा हा माणूस आता ओटीवर आलेल्या कुणालाही विहिरीकडची जमीन निम्म्या भावात देऊ करू लागला. शेजारच्या घरी दुःखाचा प्रसंग असताना ते मोठ्याने हसले. आई एकदा हळूच म्हणाली, “ह्यांच्या तोंडून दुसरंच कुणीतरी बोलतंय गं.”

अशा वेळी घरच्यांनी काय करावे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांना 31 डिसेंबर 1974 रोजी पक्षाघात झाला. त्यांचीही डावी बाजू लुळी पडली होती आणि तेही आपला आजार नाकारीत राहिले. ज्या खटल्यात त्यांचे एकट्याचे मत निर्णायक ठरेल, असा खटला पुढे ढकलायचा, असे त्यांच्या सहकारी न्यायमूर्तींनी आपसांत ठरवले. नोव्हेंबर 1975 मध्ये ते निवृत्त झाले. आयुष्यभर निवाडा करणाऱ्या माणसाच्या विवेकाभोवती इतरांना असे मूक कुंपण घालावे लागले.

आम्हाला मात्र अण्णांच्या नकळत काही करायचे नव्हते. मार्ग त्यांच्याच नोकरीत सापडला. दोन सह्यांशिवाय व्हाउचर मंजूर करायचे नाही, हा त्यांचा जुना दंडक होता. तोच घराला लावू या, असे मी सुचवले. त्यांना ते पटले. हजार रुपयांपुढचा प्रत्येक व्यवहार वहीत लिहायचा, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचायचा आणि त्यावर अण्णांची व आईची, अशा दोन्ही सह्या झाल्या तरच तो करायचा. जमिनीची नोंद वहीत चार वेळा आली. तीन वेळा आईने सही केली नाही आणि अण्णा चिडले. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच ती खोडली. मात्र गड्याच्या मुलीची परीक्षा फी भरण्याची नोंद तिसऱ्या दिवशीही कायम राहिली. दोन्ही सह्या झाल्या आणि फी भरली गेली. त्या नोंदीत आम्हाला आमचे जुने अण्णा दिसले.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. त्यानंतरच्या दिवसांत घरचे माणूस विचित्र वागू लागले, तर ते हेका किंवा वेड समजून त्याच्याशी भांडू नका. त्याच्या हातचे निर्णय सरसकट काढूनही घेऊ नका. आपल्यापैकी कुणाचा विवेक तरी संपूर्णपणे एकट्याच्या डोक्यात असतो? घरातील माणसांचे टोकणे, थांबवणे, ‘उद्या बघू’ म्हणणे यांचाही त्यात वाटा असतोच. आजारी माणसाला तो थोडा अधिक लागतो, आणि तो देताना त्याची सही वहीवर राहील, एवढे पाहावे लागते.