पथक परतते तेव्हा

परदेशी सेवेला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे काम संपले की आपण दोनच गोष्टी विचारतो: किती रुग्ण तपासले आणि डॉक्टरांनी किती सोसले. मला ही दोन्ही मापे अपुरी वाटतात. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला राष्ट्रीय काँग्रेसने पाठवलेले पथक सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून निघाले. त्यात अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर होते. चौघे पुढे वेगवेगळ्या वेळी मायदेशी परतले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मात्र ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने तो मृत्यू घरोघरी पोचवला आणि त्या पथकाची आठवण आपल्याकडे बलिदानापाशीच थांबली. त्याआधीचे कोटणिसांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवली आणि १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले. हे रुग्णालय ज्यांच्या नावाचे, ते कॅनडाचे नॉर्मन बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रियेत बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने दगावले होते. तरी काम थांबले नाही. कोटणिसांच्या पश्चातही ते चालूच राहिले, कारण ते पेलणारी माणसे तिथेच तयार होत होती.

यावर कोणी म्हणेल, रक्तबंबाळ सैनिक समोर असताना शिकवत बसायला सवड कुणाला? आधी जीव वाचवावा, हे खरेच. कोटणीसही तेच करत होते. पण जखमींचा ओघ अखंड आणि शल्यचिकित्सक मोजके असतील, तेव्हा नवे हात तयार करणे हासुद्धा जीव वाचवण्याचाच भाग ठरतो. दुसरा आक्षेप असा, की मग परतलेल्यांची सेवा उणी मानायची का? मुळीच नाही. प्रत्येकाने परक्या भूमीत देह ठेवावा, अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. उलट, डॉक्टरला निर्धास्तपणे परतता यावे आणि मागे रुग्ण पोरका होऊ नये, हीच चांगल्या मोहिमेची खूण. म्हणून आपण गेल्यावर हे काम कोण करील, हा प्रश्न निरोपाच्या दिवशी विचारून उपयोग नाही. औषधांची यादी करतानाच त्याचे उत्तर शोधायला हवे.