आजारानंतरचीं चार पावलें

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत लातूर शहर तहानेनें व्याकुळ झालें असतां आमच्या मातोश्री तेथें तापानें अंथरुणास खिळल्या. ताप उतरतांच आम्हीं त्यांस नांदेडास आमच्या घरीं आणलें आणि सेवेस आरंभ केला. उशाशीं दूध, वरणावर तुपाची धार, पाण्याचा तांब्यासुद्धां हातांत! “आई, उठूं नकोस”, “आजी, पडून राहा”, हेंच घरांत लहानथोरांच्या तोंडीं. तीन आठवडे असे गेले; परंतु मातोश्रींच्या मांड्या वाळतच चालल्या. एके सकाळीं देवघरापर्यंत जावयास त्या उठल्या, तों पाय लटपटून खालीं बसल्या. आमच्या काळजांत धस्स झालें. खावयास मुबलक असतां मांस झडावें कसें?

डॉक्टर म्हणाले, “अहो, एप्रिलांत मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. पांच लाख लिटर पाणी स्थानकांत उभें राहिल्यानें कोणाचा रांजण भरला काय? तें गल्लोगल्लीं पोंचलें, तेव्हां भरला. तुमचें दूध-वरणही तसेंच स्थानकांत उभें आहे!”

पुढें त्यांनीं सर्व उलगडून सांगितलें. वरणांतील प्रथिनें पचून त्यांचीं अमिनो आम्लें होतात व तीं रक्तावाटे स्नायूंकडे जातात. स्नायूंतील प्रथिनें नित्य झिजतात आणि नित्य नवीं घडतात. घडण मागें पडली कीं स्नायू वाळतो. विश्रांतींत हृदयांतून निघालेल्या रक्ताचा सुमारें पांचवा भाग स्नायूंस मिळतो. जोराच्या श्रमांत चार पंचमांशही मिळतो. जेवणानंतर इन्सुलिनच्या योगें तरुणाच्या स्नायूंत रक्ताचा ओघ वाढतो. वार्धक्यांत ही वाढ मंदावते. अमेरिकेंत गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, वृद्धांस एक वेळ ४५ मिनिटें चालविलें असतां दुसऱ्या दिवशीं इन्सुलिनचा हा गुण पुन्हा दिसूं लागतो. रक्तप्रवाह वाढतो व प्रथिनांची घडणही वाढते. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत निरोगी वृद्ध अवघे दहा दिवस अंथरुणांत राहिले आणि पायांचें जवळजवळ एक किलो मांस गमावून बसले!

दुसऱ्याच दिवसापासून, डॉक्टरांच्या अनुज्ञेनें, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून मातोश्री ओसरीवर फेऱ्या घालूं लागल्या. प्रथम चार पावलें, मग अंगणापर्यंत. आणि त्या वर्षीं तुळशीच्या लग्नास वृंदावनाची रांगोळी त्यांनीं स्वतः घातली. त्या सायंकाळीं त्या सहज म्हणाल्या, “अरे, मी तर केव्हांची उठूं म्हणत होतें. तुम्हीच उठूं देत नव्हतां.”

आम्ही निरुत्तर झालों. ज्या घरीं वडील माणूस आजारांतून उठत असेल, तेथें वैद्याचा सल्ला घेऊन दुधाच्या पेल्याबरोबर आधाराचा हातही पुढें करावा, एवढीच वाचकांस विनंती.