पूर्वरूप

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतले दुसरे आमच्या विशेष आवडीचे आहे. व्याधी प्रकट होण्याआधी ती येऊ घातल्याची जी चिन्हे उमटतात, ती पूर्वरूपे. संकेतस्थळांच्या व्यवहारात ‘प्रिव्ह्यू’ नावाची जी वस्तू गेल्या दशकभरात रुळली, तिच्यासाठी मराठी शब्द शोधताना आमच्या मंडळीत ‘झलक’, ‘पूर्वदृश्य’, ‘रंगीत तालीम’ असे पुष्कळ शब्द निघाले. झलक दाखवायची ती भुरळ घालण्यासाठी, आणि रंगीत तालीम व्हायची ती सारे ठरून गेल्यावर. आम्हांस हवा होता तो शब्द निराळा होता: जे अजून घडलेले नाही, पण घडू दिले तर काय होईल, हे दाखवणारा. म्हणून आम्ही ‘पूर्वरूप’ हाच शब्द धरून बसलो आहोत. वैद्यकातला अर्थ त्यात राहिला तर तो आम्हांस हवाच आहे.

आम्ही म्हणजे चार-पाच माणसे. जुन्या मराठी नियतकालिकांतले, स्वामित्वहक्काची मुदत संपलेले लेख टंकून घ्यावेत, ताडून पाहावेत आणि महाजालावर ठेवावेत, एवढाच उद्योग. स्थळ साधे आहे. मजकूर साध्या फायलींत, साचे वेगळे, आणि दोहोंतून पाने तयार करणारी एक आज्ञावली. ज्यास बदल सुचवायचा आहे तो मूळ प्रतीची एक शाखा काढतो, तीत बदल करतो आणि तो स्वीकारावा असा प्रस्ताव धाडतो. गिट ही प्रणाली २००५ सालची, गिटहब २००८ सालचे, आणि ‘पुल रिक्वेस्ट’ ही रीत आता जगभर इतकी नित्याची झाली आहे की तिच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

सांगण्यासारखे आहे ते पुढचे. पूर्वी असा प्रस्ताव आला की त्याचा ‘डिफ’ वाचावा लागे: गेलेल्या ओळी तांबड्या, आलेल्या हिरव्या. ज्यास तो वाचता येतो त्यास मत, ज्यास येत नाही तो बाहेर. फार तर ‘स्टेजिंग’ नावाचे एक दुय्यम यंत्र असे. तेथे बदल चढवून पाहायचा; पण यंत्र एकच, म्हणून दोघांचे बदल एकाच वेळी आले की कोणता दोष कोणाचा हे कळेनासे होई. एकुलत्या तालीमघरात दोन नाटके एकदम उभी करावीत, तसा प्रकार. हेरोकूने २०१५ साली ‘रिव्ह्यू अ‍ॅप्स’ आणले. २०१६ साली नेटलिफायने ‘डिप्लॉय प्रिव्ह्यू’ आणि गिटलॅबने आपली ‘रिव्ह्यू अ‍ॅप्स’ आणली. प्रस्ताव दाखल होताच त्याची वर्दी ह्या सेवेस जाते. ती एक कोरे यंत्र उघडते, प्रस्तावातली प्रत उतरवून घेते, संपूर्ण स्थळ नव्याने बांधते आणि त्यास प्रस्तावाच्या क्रमांकासह एक स्वतंत्र पत्ता देऊन तो दुवा प्रस्तावाखाली आणून ठेवते. प्रस्तावात दुरुस्ती केली की पुन्हा बांधणी. दहा प्रस्ताव असले तर दहा स्थळे, परस्परांस न शिवणारी; आणि खरे स्थळ मात्र होते तसेच.

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हे नवे वाटणार नाही. जुळाऱ्याने खिळे जुळवावेत, त्यांवर शाई फिरवून एक कच्चा छाप काढावा, तो मुद्रितशोधकाकडे जावा, समासात काकपदे आणि खुणा होऊन परत यावा, पुन्हा छाप निघावा, आणि अखेर ‘छापण्यास हरकत नाही’ असा शेरा व सही झाल्यावर यंत्र फिरावे. शिसे जाऊन संगणक आला तेव्हा खिळे गेले, जुळारी गेला, आणि त्यांच्यासोबत हा मधला कागदही गेला. महाजालाच्या पहिल्या दिवसांत तर मजकूर लिहिला की चढवला आणि चढवला की प्रकाशित झाला, असाच खाक्या होता. पूर्वरूपाने हा मधला कागद परत आणला, असे आम्ही मानतो.

हे केवळ उपमेपुरते राहिले असते, पण आमच्या मंडळीत एक मुद्रितशोधक आहेत. आम्ही सारे त्यांस काका म्हणतो. उभे आयुष्य त्यांनी प्रुफे वाचण्यात घालवले. आज्ञावलीची एक ओळही त्यांस वाचता येत नाही, आणि शिकण्याची इच्छाही नाही. पूर्वरूपाची सोय होईपर्यंत ते आमचे सन्माननीय सल्लागार होते, म्हणजे त्यांस काही विचारले जात नसे.

एकदा एका तरुण सहकाऱ्याने एक प्रस्ताव धाडला. तक्रार रास्त होती: निरनिराळ्या ठिकाणांहून उतरवलेल्या मजकुरात डोळ्यांस न दिसणारी शून्य रुंदीची चिन्हे घुसतात आणि त्यांमुळे शोध बिघडतो; डोळ्यांस तोच दिसणारा शब्द यंत्रास निराळा वाटतो. उपाय एका ओळीचा होता. बांधणीच्या वेळी अशी सारी चिन्हे गाळून टाकायची. डिफमध्ये एक हिरवी ओळ. स्वच्छ, आटोपशीर, वर नेमकी टीप. बांधणी यशस्वी झाल्याची हिरवी खूणही उमटली. ज्यांस डिफ वाचता येतो त्यांपैकी कोणाचीही त्या ओळीला हरकत नव्हती, कारण त्या ओळीत हरकत घेण्याजोगे काही नव्हतेच.

काकांनी पूर्वरूपाचा दुवा उघडला आणि सवयीप्रमाणे एक लेख वाचावयास घेतला. लग्नाच्या पंगतीचे वर्णन होते. जेवणे उरकल्यावर यजमानांनी स्वयंपाक करणाऱ्यांस बक्षिसी दिली असे मूळ वाक्य. काकांनी फोन केला.

“अरे, आचाऱ्यांचे आचार्य कोणी केले?”

“काका, मजकुराला तर कोणी हातही लावलेला नाही.”

“तू लावला नसशील. पण बक्षिसी गुरुजींना मिळाली आहे, आणि स्वयंपाकी रिकाम्या हाताने घरी गेलेत. तुम्ही स्वतः उघडून बघा.”

बघितले, तर खरेच. मराठीतला हा डोळ्यातल्या पापणीसारखा अर्धा र आमच्या जुन्या टंकनात चार चिन्हांनी लिहिलेला होता: र, हलन्त, मग युनिकोडमधले यू+२००डी हे शून्य रुंदीचे जोडचिन्ह आणि शेवटी य. त्यातले तिसरे गाळले की उरते ते र, हलन्त, य. आणि त्याचा रफार होतो. ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ होते. ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले असते तर ते निदान खटकले असते. पण सह्याद्रीच्या वर्णनात ‘दऱ्या’ होत्या तेथे ‘दर्या’ आला होता, आणि दोन्ही शब्द शुद्ध, दोन्ही कोशात असलेले. शुद्धलेखन तपासणारी कोणतीही आज्ञावली येथे थांबली नसती. शेकडो लेखांत हे एकाच वेळी झाले होते, आणि प्रस्तावात त्यांतल्या एकाही लेखाचे नाव नव्हते.

प्रस्ताव मागे घेतला गेला नाही, सुधारला गेला. हाच र लिहिण्याची दुसरी रीत आहे, ऱ ह्या स्वतंत्र अक्षरास हलन्त जोडण्याची. दोन्ही रीती प्रचारात आहेत आणि वाचकाच्या कळफलकावरून त्यांपैकी कोणतीही येऊ शकते. म्हणून मूळ मजकूर अबाधित ठेवायचा, आणि केवळ शोधाच्या सूचीसाठी दोहोंचे एक रूप करून घ्यायचे, असे ठरले. शोध सुधारला, आचाऱ्यांस त्यांची बक्षिसी परत मिळाली.

उलट दिशेचा अनुभवही सांगावा. पानांच्या मुळाशी त्यांची भाषा सांगणारी एक खूण असते. आमच्या साच्यात ती हिंदीची होती, बहुधा कोठून तरी जसाच्या तसा साचा उचलल्यामुळे. ती मराठी करण्याचा प्रस्ताव आला. बदल दोन अक्षरांचा. डिफ पाहून वाटावे की ही निव्वळ कागदोपत्री दुरुस्ती. पूर्वरूपात मात्र प्रत्येक ल आणि प्रत्येक श यांनी आपले मराठी वळण धारण केले होते, कारण आमच्या टंकात मराठीसाठी ती वेगळी वळणे मुळातच दिलेली होती आणि कोणी हाक मारण्याची वाट पाहत होती. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. नुसते एकामागून एक पान उघडत राहिले.

ह्यावरून पूर्वरूप म्हणजे सर्व दोषांवरचा उतारा असा कोणाचा समज होऊ नये. पूर्वरूप दाखवते, वाचत नाही. काकांनी पंगतीचा लेख न उघडता अनुक्रमणिका पाहून दुवा मिटला असता, तर हिरवी खूण तशीच राहिली असती. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की बांधणी न अडखळता पार पडली. शिवाय ही सोय मुळात स्थिर पानांस मानवते. ज्या स्थळामागे विदागार आहे, तेथे प्रत्येक प्रस्तावास विदेची स्वतंत्र प्रत द्यावी की साऱ्यांनी एकच वापरावी, हा प्रश्न उभा राहतो. एकच वापरली की जुने तालीमघर परत आले. आणि परक्याचा प्रस्ताव बांधणे म्हणजे परक्याने लिहिलेल्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालवणे. म्हणूनच दुसऱ्याच्या प्रतीतून आलेल्या प्रस्तावाच्या बांधणीस गिटहबच्या स्वयंचलित यंत्रणेत आपल्या गुप्त किल्ल्या सहसा दिल्या जात नाहीत. ही मर्यादा जाचक वाटली तरी ती ओलांडण्याची घाई करू नये.

परंतु आम्हांस सर्वांत जास्त विचारात पाडले ते एका वेगळ्याच प्रसंगाने. एका दिवंगत लेखकाची काही पत्रे आमच्याकडे आली. कुटुंबीयांची परवानगी मागितली होती, उत्तर यावयाचे होते. पाने कशी दिसतील हे पाहावे म्हणून प्रस्ताव तयार झाला, दुवा निघाला, आणि मंडळीबाहेरच्या एका स्नेह्याने तो कौतुकापोटी एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. दोन दिवसांत तो लेखकाच्या घरी पोहोचला. कुटुंबीयांनी फार सौम्य शब्दांत विचारले, की परवानगी मागायचीच होती तर आधी छापले कशाला?

छापले नव्हते, हे आमच्या दृष्टीने खरे होते. पण त्यांच्या दृष्टीने, आणि नीट विचार केला तर कोणाच्याही दृष्टीने, जे पान कोणालाही उघडता येते ते प्रकाशितच असते. अशा पत्त्यांची नोंद घेऊ नये असे शोधयंत्रांस सांगण्याची पद्धत बहुतेक सेवांत आहे. पण ती दारावरची पाटी झाली, कडी नव्हे. कडीचीही सोय असते. काही सेवांत काही कुलुपे पैसे मोजल्यावरच मिळतात. कच्च्या छापाचा कागद मुद्रितशोधकाच्या टेबलावरच राहत असे, कारण तो एकच होता. पत्ता मात्र कितीही हातांत जाऊ शकतो. पत्रे आम्ही काढून घेतली. प्रस्ताव मिटवून भागले नसते, इतिहासातूनही ती पुसावी लागली. परवानगी आजतागायत आलेली नाही, आणि आम्ही पुन्हा विचारलेलेही नाही. आता ज्याचा हक्क अनिश्चित आहे असा मजकूर प्रस्तावात येतच नाही. साचा पाहायचा असेल तर जुनाच एखादा लेख वापरतो, आणि पूर्वरूपांस परवलीचा शब्द आहे.

दुसराही एक नेम केला आहे. आज्ञावली न वाचणाऱ्या निदान एका माणसाने पूर्वरूपातली तीन पाने पूर्ण वाचून ‘हरकत नाही’ असे लिहिल्याखेरीज प्रस्ताव स्वीकारला जात नाही. तरुण सहकाऱ्यांस आरंभी हा अडथळा वाटला. ज्याने ती एक हिरवी ओळ लिहिली होती त्याला मात्र वाटला नाही.

हे माणूस आजवर बहुधा काकाच असत. आता त्यांची नजर अधू झाली आहे. अक्षरे दुप्पट मोठी करून ते वाचतात आणि तीन पानांस पूर्वी लागे त्याच्या तिप्पट वेळ लागतो. यंत्र दर खेपेस नवे स्थळ बांधून देईल, त्यात काही संशय नाही. पण ‘आचार्यांना’ ह्या शब्दावर थबकणारी नजर बांधणीतून निघत नाही. ती ज्या छापखान्यांत घडत होती ते बंद झाले आहेत. गेल्या काही महिन्यांपासून दर शनिवारी काका दोघा तरुणांना जुनी पूर्वरूपे उघडून देतात, त्यांत कोठे काय चुकले आहे हे आधी सांगत नाहीत, आणि शेजारी बसून राहतात. वाचकहो, तुमच्यापैकी कोणास तिसऱ्या खुर्चीवर बसावेसे वाटले तर ती रिकामी आहे. आज्ञावली येण्याची अट नाही.