साडेसातला टेबलावर

क्रूझवर जाणाऱ्या लोकांविषयी माझं मत बरं नव्हतं. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात कुणी ना कुणी कॅरिबियनहून उन्हाने रापून यायचं आणि बफेचं वर्णन सुरू करायचं. मी हसून ऐकायची आणि घरी आल्यावर नवऱ्यापाशी तोंडसुख घ्यायची. ज्यांना प्रवास नको, फक्त प्रवास केल्याचं समाधान हवं, त्यांची ही सोय आहे. सकाळी नऊला बेटावर उतरायचं, टीशर्ट घ्यायचा, चारला परत. हे म्हणणारी मी आता मैत्रिणींना सांगते, की मुलगी पंधरा-सोळाची असेल तर एकदा बोटीवर घेऊन जाच. माझी आधीची टीका मंडळातल्या बऱ्याच जणींनी ऐकलेली आहे, त्यामुळे त्या मला धरतात. तेव्हा एकदा नीटच सांगून टाकते.

आम्ही गेलो तेही काही उदात्त हेतूने नाही. लेक पंधराची झाली आणि तिच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. जेवायला हाक मारली की "आले", आणि मग खूप वेळाने येणं. शाळेत काय झालं विचारलं की "काही नाही". भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. नवऱ्याने क्रूझचा विषय काढला तेव्हा त्याचा हिशेब सरळ होता. आठवडाभर चहूकडे पाणी, जाईल कुठे? एका केबिनमध्ये तिघं, इंटरनेटचं पॅकेज घ्यायचंच नाही, मग बोलेल की. मला हा सापळा पटला. माझी अट एकच होती. फ्लोरिडाहून निघून कंपनीच्याच मालकीच्या बेटावर झोपाळे बांधणारी बोट नको, पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून दक्षिणेकडे जाणारी घे. त्या यादीत बार्बाडोस होतं आणि बार्बाडोसमध्ये मला काम होतं. ते पुढे येईलच.

निघण्याआधी मी वाईटसाईट सगळं वाचून घेतलं. अमेरिकेत 2010 साली क्रूझवरच्या सुरक्षेचा कायदा झाला. डेकचा कठडा किमान 42 इंच हवा, केबिनच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल असं भिंग हवं, गंभीर गुन्हे एफबीआयला कळवायला हवेत आणि त्यांचे आकडे लोकांसमोर मांडायला हवेत. त्या आकड्यांत लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात, हेही वाचलं. मग नियम केले. कुणाच्या केबिनमध्ये जायचं नाही, आपल्या केबिनमध्ये कुणाला आणायचं नाही, कुणी हातात दिलेलं सरबत प्यायचं नाही, आणि रोज संध्याकाळी साडेसातला टेबलावर हजर. "आई, प्लीज," म्हणत तिने सगळं कबूल केलं.

बोट सान हुआनहून बाहेर पडते ती एल मोरो किल्ल्याच्या तटाजवळून. स्पॅनिशांनी 1539 साली बांधायला घेतलेला हा किल्ला. नवरा "जंजिरा!" म्हणाला, मराठी माणूस परदेशी किल्ला बघून दुसरं काय म्हणणार. मी लेकीला दाखवायला वळले तर ती नव्हती. कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या 2012 च्या अपघातानंतर, संकटात कुठे जमायचं हे प्रत्येक प्रवाशाला बोट सुटण्याआधीच सांगावं लागतं. ते ऐकेपर्यंत ती आमच्याबरोबर होती. मग "जरा बघून येते" म्हणाली आणि गेली. शोधत शोधत मी तिच्या वयाच्या मुलांसाठी असलेल्या हॉलपर्यंत पोचले. दारात एक हसतमुख पोरगा उभा. पालकांना आत सोडत नाहीत म्हणाला. "फक्त बघते," म्हटलं, तरी नाही. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण मुलीपर्यंत जायला मला इतक्या गोडीने कुणी अडवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी डेकवर बसून मला जे सुचलं ते खरं तर घरबसल्याही सुचायला हरकत नव्हती. आमच्या उपनगरात फुटपाथ अर्ध्यात संपतो. लायब्ररीला जायचं तर गाडी, मैत्रिणीकडे जायचं तर गाडी, बोबा चहा प्यायचा तर गाडी. न्यू जर्सीत सतरा वर्षं पुरी होईपर्यंत एकट्याने गाडी चालवायचा परवाना मिळत नाही, तोवर आईबापच ड्रायव्हर. या मुलीने आजवर स्वतःच्या पायांनी, मनात आलं म्हणून, कुठेही जाऊन पाहिलेलं नव्हतं. मी तिच्या वयाची असताना डोंबिवलीहून दादरला क्लासला लोकलने जायची. येताना फडके रोडवर रेंगाळायची, आणि उशीर झालाच तर सांगायला एक गाडी रद्द झालेली असायचीच. आईला माझ्या दिवसातलं अर्धंमुर्धंच ठाऊक असे. लेकीचा दिवस मात्र मला मिनिटाच्या हिशेबाने ठाऊक, कारण तिला सोडायला मी आणि आणायलाही मीच. वर रात्री विचारायचं, आज काय झालं? ती बिचारी सांगणार काय?

बोटीवर तिला लिफ्ट होती, जिने होते, गळ्यात अडकवलेलं एक कार्ड होतं आणि फोन मेलेला होता. फोन नसल्यामुळे त्या पोरांना जागा आणि वेळ ठरवून भेटावं लागे. अकरावा डेक, जिन्याखाली, नऊ वाजता. कुणी आलं नाही तर शोधायला जायचं. कुणी पोहण्याच्या तलावापाशी सापडे, कुणी बफेत. संध्याकाळी साडेसातला ती धापा टाकत टेबलाशी येई आणि बोलायला लागे. ओहायोचा एक मुलगा समुद्राला घाबरतो. सान हुआनच्या दोघी बहिणी स्पॅनिशमध्ये भांडतात आणि इंग्रजीत समेट करतात. ब्रुकलिनची एक मुलगी आहे, घराणं त्रिनिदादचं, तिचं आडनाव महाराज, पण तिचे आईवडीलसुद्धा कधी भारतात गेलेले नाहीत, असं कसं? मग मी तिला त्रिनिदादचं सांगितलं. 1845 साली फतेल रझाक नावाचं जहाज पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, घेऊन तिथे लागलं आणि 1917 पर्यंत उसाच्या मळ्यांसाठी सुमारे दीड लाख माणसं नेली गेली, बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची. तिने पूर्ण ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडून आणखी माहिती काढून आणली आणि माझं एक वाक्य दुरुस्तही केलं. शाळेची गोष्ट विचारली असती तर "काही नाही" हेच उत्तर मिळालं असतं. इथे आम्ही काही पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिच्यापाशी सांगण्यासारखं होतं.

म्हणजे आम्ही ज्यासाठी गेलो, तिघांनी एकत्र राहण्यासाठी, ते झालंच नाही. दिवसातला जेमतेम तासभर ती आमच्या वाट्याला यायची, आणि तो तास घरच्या आठवड्यापेक्षा भरलेला असायचा.

आमच्या टेबलावर वाढायला रोज तोच माणूस असे. छातीवरच्या पट्टीवर नाव आणि खाली "इंडिया". आम्ही आपसात मराठी बोलतोय हे ऐकून पहिल्याच रात्री त्याने विचारलं, "मुंबयचे?" डोंबिवली म्हटल्यावर त्याचं तोंड खुललं, त्याची बहीण तिथे दिलेली. तो वेंगुर्ल्याचा. कोकण-गोव्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस बोटीवर असतो, तसाच हा. दुसऱ्या दिवसापासून मेनूतल्या राजमाबरोबर एका वाटीत, क्रूच्या मेसमधून आणलेली, कोकम घातलेली आमटी यायला लागली. ती वाटी तो टेबलावर ठेवायचा तो असा, की जणू काही घडलंच नाही.

सुरुवातीच्या रात्री मी मध्यरात्र उलटून गेल्यावर शाल पांघरून "पाणी प्यायला" वर जात असे. अठराखालच्या मुलांनी एक वाजता आपापल्या केबिनमध्ये जायचं, असा बोटीचा नियम. मला एकपर्यंत धीर निघत नसे. बफेपाशी हा गृहस्थ दुसऱ्या दिवसाच्या बशा लावत होता. मला बघून म्हणाला, "ताई, चेडू बरा आसा. थय पिझ्झा खाता. जावन झोपा." मी तिकडे पाहिलं तर पाच-सहा पोरं एका टेबलाभोवती पत्ते खेळत होती आणि लेक जोरजोरात हसत होती. घरी तिला असं हसताना मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं ते आठवेना. तिला दिसायच्या आत मी लिफ्टमध्ये शिरले.

त्याचीही मुलगी दहावीत. तो उतरेल तोवर तिची बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असेल. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मीठ पुढे करावं तसं सांगितलं. बोटीच्या मागच्या बाजूला, नावाखाली, "नासाऊ" लिहिलेलं असतं, कारण ती बहामाजमध्ये नोंदवलेली. या फेरीत आम्ही बहामाजच्या आसपासही गेलो नाही. झेंडा एका देशाचा, कंपनी दुसऱ्या देशाची, गिऱ्हाईक तिसऱ्या आणि कामगार दहावीस देशांचे. आंतरराष्ट्रीय करार म्हणतो, खलाशाला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळावी. म्हणजे 14 तास काम नियमात बसतं, आणि कॉन्ट्रॅक्ट चालू आहे तोवर पूर्ण सुट्टीचा दिवस बहुतेकांना मिळत नाही. लेक बोटभर मोकळी फिरू शकली, कारण कुणाचं तरी तिच्याकडे रात्री साडेबारालाही लक्ष होतं आणि तो माणूस सकाळच्या नाश्त्यापासून उभा होता. फडके रोडवर माझ्यावर लक्ष ठेवणारे काका-मावशी फुकट असत. हे मला तेव्हाही टोचलं आणि बोटीची शिफारस करतानाही टोचतं. टिपची रक्कम बिलात आपोआप लागते, वर आम्ही पाकीट दिलं, त्याने काही भागत नाही.

बेटांबद्दलचं माझं जुनं मत मात्र तसंच आहे. सेंट मार्टिन 1648 पासून फ्रेंच आणि डच असं वाटून घेतलेलं आहे, मधे पहारा नाही. आम्ही ते अंतर टॅक्सीत डुलक्या घेत पार केलं. सेंट लुशियाची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास आणि नोबेल दोन, अर्थशास्त्राचं आर्थर लुइस यांना 1979 साली आणि साहित्याचं डेरेक वॉलकॉट यांना 1992 साली. वॉलकॉटच्या नावाचा चौक कॅस्ट्रीसमध्ये आहे. मला तिथे बसायचं होतं, पण मिनीबस पिटन्सचे सुळके बघायला निघालेली. वळणावळणाच्या रस्त्यावर लेकीला मळमळलं, आणि ते सुळके आम्ही लिंबाची फोड हुंगत पाहिले.

बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला लेक यायला तयार नव्हती. पत्त्यांची फायनल होती म्हणे. नवऱ्याने पुस्तक काढलं. मी एकटी उतरले आणि माझ्या कामाला, केन्सिंग्टन ओव्हल बघायला, चालत निघाले. बाबांना भारतीय क्रिकेट संघाचा 1971 चा वेस्ट इंडीज दौरा तोंडपाठ होता. वाडेकर कॅप्टन, गावसकरच्या चार कसोटींत 774 धावा, आणि ज्याचं नाव पुढे लोक पटकन घेत नाहीत त्या दिलीप सरदेसाईच्या 642. केन्सिंग्टन ओव्हलवर सरदेसाईच्या 150 आणि गावसकरच्या नाबाद 117. आणि इथेच 29 जून 2024 ला, टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा हव्या असताना सूर्यकुमारने मिलरचा तो झेल चेंडू आत उडवून, सीमारेषेबाहेर पाऊल टाकून, परत आत येऊन घेतला. बाबा तो बघायला नव्हते. बाहेर क्रिकेटवीर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. त्याच्या सावलीत उभी राहून मी दोन फोटो काढले. एक टॅक्सीवाला भारत जिंकला त्या दिवसाबद्दल बोलायला थांबला आणि मला फुकट सोडतो म्हणाला. मी चालतच गेले. बरोबर कुणी नव्हतं, फोनला इंटरनेट नव्हतं, रस्ता विचारत जायचं होतं. लेकीला आठवडाभर काय गवसलं होतं त्याची चव मलाही आली. पण शहर पाहिलं असं मी म्हणणार नाही. ज्या बेटाने 1661 साली गुलामांना बांधून ठेवणारा कायदा केला आणि 2021 साली ब्रिटनच्या राणीला रामराम ठोकून प्रजासत्ताक झालं, ते एका दुपारात कळत नाही.

ओव्हलचे फोटो वेंगुर्लेकराला दाखवले. कितीतरी वेळा तो ब्रिजटाउनला लागलेला, पण ओव्हलपर्यंत कधी गेला नव्हता. दुपारचं वाढप आणि रात्रीचं वाढप यांच्या मधे जो वेळ मिळतो तो धक्क्यावर वायफाय शोधून घरी फोन करण्यात जातो. त्याने तो फोटो दोन बोटांनी मोठा करून, सोबर्स नीट दिसेपर्यंत, निरखून पाहिला.

मला एकटीला विचाराल तर पुढच्या वेळी मी बोटीला बगल देऊन थेट विमानाने ब्रिजटाउनला जाईन आणि आठवडाभर एका जागी राहीन. लेकीला म्हटलं, चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, येईन, पण बोटीवर होते तशी तिथेही एकटी फिरणार, आणि साडेसातला टेबलावर हजर राहीन. रस्ता आहे तो, डेक नव्हे, असं मी म्हणायला गेले आणि थांबले. नवऱ्याने तिकिटांचे दर बघून ठेवलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.