उद्या या

बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात नसलेली, पण काउंटरवर बसल्यावर आठवड्याभरात तोंडपाठ होणारी एक विद्या आहे. तिचं नाव "उद्या या". शब्द दोनच, पण ताकद केवढी! समोरचा माणूस निमूट मागे वळतो आणि आपल्याला चहाला जाता येतं.

ही विद्या मी घरीही वापरत आलो. अर्नाळ्याच्या किल्ल्याला जायचा विषय निघाला की मी म्हणे, "बघू, पुढच्या रविवारी." विरारला राहून, तिथल्याच शाखेत नोकरी करून, हाकेच्या अंतरावरचं बेट मी अकरा वर्षं पाहिलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी पौष पौर्णिमा रविवारी आली आणि हिने मला न विचारता दशम्यांचा डबा भरला. आमच्या घरात डबा भरला म्हणजे ठराव पास.

होडीत चढायला तेव्हा पाण्यात उतरावं लागे. बूट हातात, पँट गुडघ्यावर आणि पाकीट दातांत, अशा थाटात मी समुद्रात प्रवेश केला. चिरंजीव म्हणाले, "बाबा, बोला ना काहीतरी!" पाकिटामुळे मला बोलता येईना. सहलीतला तेवढाच वेळ ही मनापासून हसली.

पलीकडे उतरलो आणि रंगांनी डोळे दिपले. आमच्या सोसायटीत भिंतींचा रंग ठरवायला तीन सभा लागल्या आणि शेवटी सर्वानुमते फिका पिवळा ठरला. इथे एक घर पोपटी, शेजारचं गुलाबी, त्यापुढचं निळं; वाळूवर ओढलेल्या होड्या लाल-पिवळ्या, वर फडफडती निशाणं. कुणी कुणाची हरकत मागवलेली दिसली नाही. मध्ये बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. डबल एंट्री! नावे तेवढे जमा. पंधरा वर्षांच्या नोकरीत इतका चोख ताळेबंद मी पाहिला नव्हता.

वस्ती तटाबाहेर, आत शेती. मराठ्यांनी १७३७ साली हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. दरवाजावर हत्ती आणि वाघ कोरलेत, शिलालेखात बाजीरावाचं नाव आहे. हे सगळं मी मुलांना समजावून सांगितलं; त्यांनी विहिरीत खडे टाकले.

सहाच्या सुमारास परत किनाऱ्यावर आलो, तर समुद्र जागेवर नव्हता. सकाळी जिथे पाकीट दातांत धरलं होतं, तिथे आता पोरं क्रिकेट खेळत होती. होडी चिखलात आडवी.

"कधी सुटणार?" मी विचारलं.

"पाणी आलं की," होडीवाला म्हणाला आणि बिडी पेटवली. त्याच्या आवाजातला तो निवांतपणा मला ओळखीचा वाटला. काउंटरच्या आतल्या बाजूचा होता तो.

तेवढ्यात मागून हाक आली. "अवो बँकवाले सायेब!"

वळून पाहिलं आणि पोटात गोळा आला. याच मावशी दहाएक दिवसांपूर्वी ओलसर फडक्यात नोटा बांधून आल्या होत्या. घड्याळात दोन वाजून पाच. मी नाकाला रुमाल लावून भिंतीकडे बोट दाखवलं. "मावशी, कॅश बंद. उद्या या." त्या म्हणाल्या, "पानी नव्हतं, सायेब." हा बहाणा मी चहाच्या वेळी सगळ्यांना हसत हसत सांगितला. इतरांची लोकल लेट होते, हिचा समुद्र लेट झाला म्हणे!

त्या पैशांसकट त्या कशा परतल्या असतील, ते आता मला समोर दिसत होतं. एसटी, होडी, चिखल, अंधार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच.

मावशींनी अंगणात खाट टाकली, कोरा चहा आणला, मुलांच्या हातावर गूळ ठेवला. ऑडिटरची वाट पाहावी तसा मी त्या वाक्याची वाट पाहत होतो.

"यांना ओळखता तुम्ही?" हिने त्यांना विचारलं.

"वळखते तर! लई काम असतं बिचाऱ्यांना," मावशी म्हणाल्या. बस्स, एवढंच. त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्यांनीच हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज पौर्णिमा, पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी अकरा-बाराला, ओहोटी संध्याकाळी. मी बी.कॉम., मावशी अंगठेबहाद्दर. पण चूक कुणाच्या बेरजेत होती, हे सांगायला ऑडिटर नको.

चंद्र वर आल्यावर पाणी आलं. निघताना मावशींनी हिच्या हातात सुक्या बोंबलांचं पुडकं दिलं. एसटीत शेजारच्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. मी पुडकं मांडीवर घेऊन ताठ बसलो.

आता माझ्या टेबलावर तारखेच्या शिक्क्याशेजारी पंचांग असतं. साहेबांना वाटतं, माझी साडेसाती चालू आहे. "उद्या या" मी अजूनही म्हणतो, नाही असं नाही. पण आधी तिथीची पाऊणपट करून बघतो.