डिस्कचं चित्र

गोव्यात बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात शिकत असताना केसपेपरवर प्रत्येक रुग्णाची डिस्क हातानं काढावी लागे. डोळ्याची नस पडद्यातून जिथून बाहेर पडते ती ही चकती, जेमतेम दीड मिलिमीटरची. दहा लाखांच्या आसपास तंतू तिच्यातून मेंदूकडे जातात. ऑप्थॅल्मोस्कोपमधून पाहायचं आणि धमन्या लाल, शिरा निळ्या, भोवतीची कडा नारिंगी रंगवायची. मधला खळगा, म्हणजे कप, कोरा ठेवायचा. काचबिंदूत तंतू मरत जातात तशी कडा झिजते आणि कप रुंदावतो. माझं पुढचं सगळं संशोधन त्या कोऱ्या जागेभोवतीच फिरलं.

केरीला आमच्या थोरल्या काकांना सगळे सांगत, मोतीबिंदू आहे, पिकला की काढू. काका फेरीबोटीतून तेरेखोलला जात, समोरच्याला ओळखत, पेपरातले मथळे वाचत. धक्क्याची पायरी मात्र चुके. नजर कडेनं जात होती, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मोतीबिंदू निघाला आणि मागची नस काचबिंदूनं वाळलेली दिसली. त्यांची डिस्क मी काढली तेव्हा नारिंगी पेन्सिलीला फारसं कामच उरलं नव्हतं. मोतीबिंदूनं झाकलेली नजर शस्त्रक्रियेनं मिळते. काचबिंदूनं नेलेली कुणालाच परत आणता येत नाही.

मग ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) आलं. 1991 साली अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ते मांडलं. पडद्याच्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशावरून हे यंत्र त्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतं. दृष्टिक्षेत्राच्या नेहमीच्या तपासणीत दोष उमटेपर्यंत बरेच तंतू गेलेले असतात. ओसीटीत ती झीज पुष्कळदा आधी दिसते. एवढ्यासाठी मी आयुष्याची उत्तम वर्षं या यंत्रापुढे घालवली आणि ती सार्थकी लागली असंच मानतो.

पण यंत्र निरोगीला हिरवा, झिजलेल्याला लाल रंग दाखवतं तो कुणाशी तुलना करून? सुरुवातीच्या यंत्रांच्या ‘निरोगी’ नमुन्यांत भारतीय डोळे अगदी थोडे होते. जास्त मायनस नंबरच्या निरोगी डोळ्यालाही यंत्र पुष्कळदा लाल ठरवतं. जन्मतः डिस्क मोठी असेल तर कपही मोठा असतो, तो आजार नव्हे. म्हणून नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटच्या डॉ. विनय नांगिया यांच्या कामाला मी फार मोठं मानतो. 2006 ते 2008 या काळात त्यांच्या चमूनं जर्मनीच्या योस्ट योनास यांच्या सोबतीनं विदर्भातल्या खेड्यांतली तिशीपुढची 4711 माणसं तपासली. आपल्या माणसांची डिस्क मुळात कशी असते, हे आपल्याच गावांत जाऊन मोजलं. पेडणे-डिचोलीतही असं काम व्हायला हवं.

माझ्या विद्यार्थ्यांना ओसीटीचा कागद बघण्याआधी मी अजून डिस्क काढायला लावतो. काढल्याशिवाय नीट पाहिलं जात नाही, हे माझं ठाम मत.

काचबिंदू बहुधा दुखत नाही. नुसता डोळ्याचा दाब मोजून भागत नाही. दाब 21 मिलिमीटर पाऱ्याच्या आत असूनही नस झिजलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही चाळिशी ओलांडली असेल, तर चष्म्याचा नंबर काढायला जाल तेव्हा बाहुली मोठी करणारं औषध घालून नस तपासायला सांगा. आणि घरात एकाला काचबिंदू निघाला, तर त्याच्या भावंडांना व मुलांना त्याच महिन्यात घेऊन या.