वाट्याला आलेलं पात्र

‘ट्रॅव्हलर’ नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेतल्या मार्क मिलर यांनी रचलेला, १९७७ सालचा. अंतराळात भटकणाऱ्या माणसांचा. त्याच्या मूळ नियमांत तुमचं पात्र खेळ सुरू होण्याआधीच मरू शकतं. अठराव्या वर्षी ते नौदलात, सैन्यात किंवा व्यापारी जहाजावर भरती होतं. मग चार-चार वर्षांच्या एकेका टप्प्याचे फासे टाकायचे: काय शिकलं, बढती मिळाली का, आणि मुळात जगलं का. जगण्याचा फासा फसला की कागद बाजूला ठेवायचा आणि नवा घ्यायचा. आणखी चार वर्षं काढली तर हाताला आणखी एखादी विद्या लागते, म्हणून मोह होतो. त्या मोहापायीच माणूस जातो.

अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसलो असताना मी हे सगळं रंगवून सांगितलं. आमच्या खेळणाऱ्या टोळीतला वकील म्हणाला, “अगं, हा खेळ कुठला? ही सरकारी नोकरी झाली.”

अकलोलीत माझी मावशी राहते. वज्रेश्वरी-गणेशपुरीला येणाऱ्यांना ती दोन खोल्या भाड्याने देते आणि थंडी पडली की त्यातली एक आमची. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या मला ही शांतता लहानपणी सहन व्हायची नाही, आता सुट्टी लागताच तिकडे पळावंसं वाटतं. तानसा नदीच्या काठाला गरम पाण्याची कुंडं, हवेत गंधकाचा वास. देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे हे पाणी, असं इथे सांगतात. दिवसभर काल्पनिक राक्षसांशी लढणाऱ्या मंडळींनी संध्याकाळी त्यात पाय शेकावेत हे बरंच आहे. मावशी मात्र दर वेळी एकच विचारते, “मग जिंकलं कोण?” कुणीच जिंकत नाही हे तिला अजून पटलेलं नाही.

तिच्यासारख्यांसाठी थोडक्यात सांगते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण जग सांगतो: समोर दार आहे, आतून कुणीतरी कण्हतंय. बाकीचे एकेक माणूस होऊन त्या जगात वावरतात, त्या माणसाच्या तोंडाने बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली तर फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ छापलं. त्याआधी ही मंडळी टेबलावर सैन्यं मांडून लढाया खेळायची. नवीन गोष्ट इतकीच झाली की अख्खं सैन्य सोडून खेळणाऱ्याने एकाच माणसाची काळजी वाहायची. एवढ्याशा बदलाने केवढं काय झालं!

माझ्या वाट्याला पहिलं पात्र आलं ते मात्र चिठ्ठीतून. राजा, मंत्री, चोर, शिपाई. वहीच्या कागदाचे चार तुकडे, घड्या घालून उडवायचे आणि एक उचलायचा. आलं ते निमूट व्हायचं. चोर झाल्यावर मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. पण शिपाई झाल्यावर त्याहून जास्त शिकले, कारण तेव्हा दुसऱ्यांचे चेहरे वाचायला लागायचे. राजाला काहीच काम नसतं हेही तिथेच कळलं. आपल्या आवडीने उचलायची मुभा असती तर मी दर वेळी राजाच झाले असते.

मग एका उन्हाळ्यात मामाने मोखाड्याकडे बोहाडा बघायला नेलं. रात्रभर संबळ आणि पिपाणी, मशालींच्या उजेडात एकेक सोंग येतं: गणपती, शारदा, त्राटिका, नरसिंह, रावण. तोंडावर कागदाच्या लगद्याचे, लाकडाचे मोठाले रंगीत मुखवटे. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. दिवसा आम्हाला पाणी आणून देणारा, मान वर न करणारा एक मुलगा रात्री मुखवटा चढवून नाचत आला. मामाने सांगितलं नसतं तर मला पत्ता लागला नसता. त्याने ते सोंग निवडलं नव्हतं, त्याच्या आजोबांनीही नव्हतं. तरी ते अंगावर आल्यावर त्याचे खांदेसुद्धा निराळे दिसत होते.

मुंबईत कॉलेजला गेल्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्स हाती लागलं, तेही झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये. काही पानांवर निम्मा तक्ता काळाकुट्ट. वीस बाजूंचा फासा तर कुठेच मिळेना. मग हाऊजीच्या संचातल्या १ ते २० च्या सोंगट्या काढून पिशवीत घातल्या, हात घालायचा आणि एक उचलायची. आज माझ्याकडे पारदर्शक, जांभळ्या, चकचकीत फाशांची डबी आहे. पण पिशवीत हात फिरवताना जीव जसा टांगणीला लागायचा तसा फासा टाकताना लागत नाही.

पात्र घडवण्याची त्या झेरॉक्समधली रीत निष्ठुर होती. ताकद, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण. प्रत्येकासाठी साधे तीन फासे टाकायचे, आकडे येतील त्याच क्रमाने लिहायचे. २१६ शक्यतांपैकी एकीतच १८ पडतात. योद्धा व्हायचं मनात असलं आणि ताकदीला सहा आले, तर योद्धा विसरा. पुढे लोक कंटाळले, चार फासे टाकून सर्वांत लहान सोडायला लागले. मग फासेच नकोत म्हणून बेरजेची पद्धत आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत २७ गुण मिळतात, ते हवे तसे खर्च करायचे. प्रत्येक गुणाला आठ फुकट, पंधरापर्यंत न्यायला नऊ खर्च. कुणावर अन्याय नाही.

आमच्या वकिलाला हीच पद्धत मान्य आहे. त्याची पात्रं खेळात कधी अडत नाहीत, मरतही नाहीत, आणि मला त्यातलं एकही नीट आठवत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. त्याचं उत्तर तयार असतं: “आयुष्यात पत्ते कुणी वाटले हे विचारता येत नाही. इथे तरी विचारू दे.” मुद्दा बिनतोड आहे. वकीलच तो.

शहापूरची मैत्रीण शाळेत संस्कृत शिकवते आणि खेळते ‘कॉल ऑफ क्थुलू’. १९८१ चा, सँडी पीटरसन यांचा. त्यात कुणी शूरवीर नसतं. ग्रंथपाल, डॉक्टर, बातमीदार अशी साधी माणसं असतात, आणि जितकं खोल शोधत जावं तितके मनःस्वास्थ्याचे गुण उतरत जातात. तिच्या पात्रांना घर असतं, दम्याचा आजार असतो, न पाठवलेली पत्रं असतात. नियमांपेक्षा ती पत्रं जास्त लिहिते. मला तो खेळ फार आवडतो असं नाही, शेवट काय होणार हे आधीच माहीत असतं. पण तिच्या ग्रंथपालाच्या पत्रांसाठी मी खेळते.

यंदा मी आमच्याच परिसरातलं जग मांडायचं ठरवलं. वसईची मोहीम. चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला, मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि मग देवीचं देऊळ उठलं, किल्ल्यासारखं, ५२ पायऱ्यांचं. त्या पायऱ्या आम्ही सगळ्यांनी चढलेल्या आहेत, त्यामुळे कुणाला नकाशा दाखवावा लागला नाही. अट एकच घातली: तीन फासे, आलेला क्रम. बराच आरडाओरडा झाला. दाखवायला म्हणून आधी मीच टाकले. ताकद ५. चिवटपणा १४. शहाणपण १६. छाप ७. आता असा माणूस मराठ्यांच्या छावणीत करणार काय? तलवार त्याला उचलवत नाही, बोललेलं कुणी ऐकत नाही.

तासभर मी त्या आकड्यांकडे बघत बसले. तटाखाली सुरुंग खणणाऱ्यांची टोळी डोक्यात आली. किल्ल्यावरचेही उलट खणत आले तर? कुणीतरी भुयाराच्या तोंडाशी मातीला कान लावून पडून राहायला हवं. हा राघो. खोदायची त्याच्यात शक्ती नाही, पण दिवसभर निपचित पडून राहील आणि कुदळीचा आवाज कुठल्या बाजूचा ते ओळखेल. सांगेल तेव्हा मुकादम विश्वास ठेवणार नाही, कारण छाप सात. २७ गुण हातात देऊन मला कुणी बसवलं असतं तर राघो मला सात जन्मांत सुचला नसता.

संस्कृतवालीने मग महाभारत काढलं. अज्ञातवासाला निघण्याआधी धर्मराज एकेकाला विचारतो, तू विराटाकडे काय होऊन राहशील? भीम म्हणतो बल्लव, आचारी. नकुल घोडे राखेल, सहदेव गाई. सैरंध्री, कंक, सगळी नावं-गावं, जुन्या नोकऱ्यांच्या खोट्या कहाण्यांसकट ठरतात. आणि द्यूतात राज्य घालवलेला स्वतः धर्मराज काय निवडतो, तर फासे खेळणारा! “बघ,” ती म्हणाली, “पांडवांनी चिठ्ठ्या नाही टाकल्या. आवडीचं घेतलं.”

वकील खूश झाला. पण मला अर्जुन आठवला. बृहन्नडा त्याने निवडली खरी, पण निवडता आली ती उर्वशीच्या शापामुळे. नको असताना गळ्यात पडलेलं तेच वर्षभरासाठी उपयोगी पडलं. आणि त्या पाच भावांपैकी लोकांना कोण आठवतं? सहदेवाचं तंतिपाल हे नाव शाळेत कितीजण सांगतील?

“शाप मिळाला ते ठीक,” वकील म्हणाला, “पण त्याचे बाकीचे गुण बघ. ताकद अठरा, चपळाई अठरा. असल्या माणसाला एखादा शाप परवडतो. तुझ्या राघोला परवडेल का?” आणि माझे फासे माझ्याकडे सरकवून तो स्वतःच्या कागदावर २७ गुणांचा हिशेब मांडायला लागला.